क्रांतिकारकाच्या हातातले कणीस

मेक्सिको सिटीमध्ये तिथल्या शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२० च्या दशकात मोठमोठी भित्तिचित्रे काढली. त्यातल्या एका चित्राचे नाव मराठीत सांगायचे तर ‘आपली भाकरी’ असे होईल. एका टेबलाभोवती वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या वयांची माणसे जेवायला बसली आहेत आणि मुख्य जागी बसलेला माणूस हातातली भाकरी मोडून वाटतो आहे. त्या माणसाचा चेहरा रिवेराने आपल्या एका मित्रावरून घेतला. तो मित्र आपल्या विदर्भातला, वर्ध्याचा. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे अमेरिकेतले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले. त्याच लेखिकेने खानखोज्यांचेही चरित्र मराठीत लिहिले आहे. तरीही कार्व्हर जितके आपल्या ओळखीचे आहेत तितके खानखोजे नाहीत. स्वातंत्र्याच्या इतिहासात त्यांचे नाव गदर चळवळीच्या संस्थापकांत येते आणि शेतीच्या इतिहासात मेक्सिकोच्या मक्याच्या संशोधकांत. एकाच माणसाची ही दोन आयुष्ये आपण सहसा एकत्र वाचत नाही.

आरोग्याच्या सदरात एका क्रांतिकारक शेतीशास्त्रज्ञाचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे रुग्ण तपासणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला या माणसाचे आयुष्य फार जवळचे वाटते. आमच्यासमोर येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे मूळ ताटात असते आणि ताटाचे मूळ शेतात. हे नाते खानखोज्यांना फार लवकर कळले होते.

दुष्काळात गेलेले बालपण

खानखोज्यांचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्याला झाला. वडील कोर्टात अर्ज लिहून देण्याचे काम करत. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. त्यांच्या कळत्या वयात मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ कोसळले. पहिला १८९६-९७ चा. दुसरा १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छपन्नाचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवताचे १९५६ हे साल चालू होते. निजामाच्या राज्यातला आपला मराठवाडाही या दुसऱ्या दुष्काळात होरपळून निघाला. बारा ते सोळा वर्षांच्या मुलाने त्या काळात गावोगाव काय पाहिले असेल, याची कल्पना करायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

दुष्काळात माणूस नेमका कशाने मरतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. निव्वळ उपासमारीने होणारे मृत्यू तुलनेने कमी असतात. आधी शरीरातली चरबी संपते, मग स्नायू झिजतात आणि त्याबरोबर रोगांशी लढण्याची ताकद जाते. पाणी आटल्यामुळे सगळे गाव एकाच गढूळ डबक्यावर येते आणि पटकी, हगवण पसरते. पुढच्या वर्षी पाऊस आला, की डास वाढतात आणि अशक्त झालेली माणसे हिवतापाने दगावतात. म्हणजे पाऊस पडल्यावरही मरण थांबत नाही. सरकारी नोंदीत अशा माणसाच्या नावापुढे ताप किंवा पटकी असे लिहिले जाते. भूक हे कारण कागदावर येत नाही.

वर्धा हा कापसाचा आणि रेल्वेचा मुलूख. रेल्वे होती, बाजार होता, व्यापार होता, तरीही माणसे उपाशी राहिली, कारण धान्य विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. दुष्काळ म्हणजे केवळ पावसाचा अभाव नाही, राज्य कुणाचे आणि कुणासाठी चालते याच्याशीही त्याचा संबंध आहे, हे तिथल्या तरुण पिढीला त्या वर्षांत दिसले. खानखोजे शाळेत असतानाच लोकमान्य टिळकांच्या विचारांकडे ओढले गेले. इंग्रजांना घालवायचे तर लष्करी शिक्षण हवे आणि ते मिळवायला परदेशात जायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. टिळकांनीही त्यांना तोच रस्ता दाखवला.

एका हातात बंदूक, एका हातात शेतीचे पुस्तक

विशीच्या आसपास त्यांनी देश सोडला. आधी जपान आणि तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या बहुतेक हिंदी विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांनाही अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागला. कॅलिफोर्नियात एका लष्करी शाळेत त्यांनी कवायत आणि शस्त्रांचे शिक्षण घेतले. त्याच काळात ते शेतीशास्त्रही शिकत होते. आधी कॅलिफोर्निया विद्यापीठात, मग ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि त्यानंतर वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या कॉलेजात. पुलमनच्या भोवतीचा मुलूख पावसाच्या पाण्यावर गहू पिकवणारा. जमिनीत ओल कशी धरून ठेवायची, कमी पाण्यात कोणते वाण तग धरते, हे तिथल्या शेतीशास्त्राचे रोजचे प्रश्न. कोरडवाहू मुलखातून आलेल्या विद्यार्थ्याला ते परके वाटण्याचे कारण नव्हते.

लष्कर आणि शेती ही जोडी वरवर विचित्र दिसते. पण त्यांच्या मनातला हिशेब सरळ होता. देश स्वतंत्र करायला सैनिक लागतील आणि स्वतंत्र झालेल्या देशाला खाऊ घालायला शेतीचे ज्ञान लागेल. दोन्ही एकाच कामाचे भाग.

त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत हजारो पंजाबी कामगार राबत होते. कमी मजुरी, अपमान आणि वंशद्वेष त्यांच्या रोजच्या वाट्याला येई. खानखोजे पंडित काशीराम आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांच्यात मिसळले. १९१३ मध्ये ऑरेगॉन राज्यात या कामगारांची आणि विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ सरचिटणीस. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ हे वृत्तपत्र निघाले आणि पुढे चळवळीलाही तेच नाव पडले. तिच्या संस्थापकांत खानखोजे होते आणि प्रत्यक्ष कृतीची, लष्करी तयारीची बाजू त्यांच्याकडे होती. तिशीच्या आत वर्ध्याचा हा मुलगा देशाबाहेरच्या एका मोठ्या सशस्त्र चळवळीच्या नेत्यांपैकी एक झाला.

पहिले महायुद्ध सुरू होताच गदरचे लोक जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाले. फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्यांतल्या फौजांनी एकाच वेळी उठाव करायचा, असा बेत होता. पण फितुरीने तो आधीच फुटला. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हे अमेरिकेत यंत्रविद्या शिकलेले तरुण मेरठच्या छावणीत पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे आणि अवघ्या एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा यांना फाशी देण्यात आले. खानखोज्यांचे हे दोन्ही सहकारी.

खानखोजे स्वतः तुर्कस्तानमार्गे इराणात गेले होते. हिंदी सैनिकांना आपल्या बाजूला वळवावे आणि बलुचिस्तानच्या बाजूने देशात शिरावे, असा त्यांचा बेत. तिथल्या टोळ्यांबरोबर ते इंग्रज फौजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. पुढची काही वर्षे वेश बदलून, नाव बदलून इराणच्या डोंगराळ भागात काढली. युद्ध संपले आणि उठावाची आशाही संपली. मग बर्लिन, आणि १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या गटाबरोबर मॉस्को. रशियाकडून मदत मिळावी म्हणून केलेल्या त्या खटपटीलाही यश आले नाही.

तेव्हा त्यांचे वय चाळिशीकडे झुकलेले. मित्र फासावर गेलेले. मायदेशी परतायचे तर तुरुंग नाही तर दोर. अनेक क्रांतिकारक अशा टप्प्यावर कडवट झाले किंवा परदेशातल्या खोल्यांमध्ये आपसातल्या भांडणात संपले. खानखोज्यांनी इथे जे केले त्यामुळे त्यांचे आयुष्य वेगळे ठरते. हातातले अर्धे काम थांबले होते, म्हणून त्यांनी उरलेले अर्धे हाती घेतले.

चापिंगोची शाळा

१९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले. त्या देशात नुकतीच दहा वर्षांची मोठी क्रांती होऊन गेली होती. तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. मोजक्या जमीनदारांकडे हजारो एकर आणि लाखो शेतमजूर भूमिहीन. एमिलियानो झपाटा हा शेतकऱ्यांचा नेता याच लढ्यात १९१९ मध्ये मारला गेला. आता नवे सरकार मोठ्या जमिनी फोडून गावांना देत होते. पण जमीन मिळाली तरी पुढचा प्रश्न उरतोच. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला बियाणे, खत, पाणी, कीड यांचे निर्णय स्वतः घ्यायचे होते. ते त्याला शिकवणार कोण?

मेक्सिको सिटीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय हलवण्यात आले होते. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. स्पॅनिश भाषा त्यांनी आपलीशी केली. त्याच वाड्याच्या प्रार्थनामंदिरात दिएगो रिवेरा भिंती रंगवत होता. दोघांची मैत्री जमली.

पण महाविद्यालयात येऊ शकणारी मुले थोडी आणि शेतकरी लाखो. म्हणून खानखोज्यांनी मुक्त कृषी शाळांचे काम उभे केले. या शाळेला फी नव्हती आणि मोठी इमारतही लागत नव्हती. गावातच, शेतकऱ्यांच्या सोयीने, त्यांच्याच रानात शिक्षण. ओकोपुल्को या गावातल्या अशा शाळेला झपाटाचे नाव दिले होते. टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी १९२८ च्या सुमारास तिथले फोटो काढले. खानखोज्यांच्या मक्याच्या कणसांचे आणि प्रयोगांचे फोटोही त्यांनी काढले आहेत. रिवेराने भाकरी मोडणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा दिला तो याच काळात. आपल्या देशासाठी सैन्य उभे करायला निघालेल्या या परक्या माणसाला मेक्सिकोच्या लोकांनी अन्न वाटणाऱ्याच्या जागी बसवले.

कणसातले शास्त्र

खानखोज्यांनी गव्हावरही काम केले, पण त्यांचे नाव झाले ते मक्यामुळे. मका हे मेक्सिकोचे मूळ पीक. तिथल्या माणसाचे मक्याशी नाते आपले ज्वारी-बाजरीशी आहे तसेच. सकाळ-संध्याकाळच्या भाकरीचे.

मक्याची गंमत अशी, की त्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी फुले वेगवेगळ्या जागी येतात. वरचा तुरा नर. मधल्या कणसातून बाहेर लोंबणारे रेशमी केस मादी फुलांचे. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडून केसांवर पडतात आणि प्रत्येक केसामागे एक दाणा भरतो. ज्या कणसाचे दाणे मध्येच रिकामे दिसतात, तिथल्या केसांपर्यंत पराग पोहोचलेले नसतात. ही रचना संशोधकाच्या सोयीची आहे. कणसावर केस येण्याआधी पिशवी बांधायची, म्हणजे उडते पराग बसत नाहीत. मग हव्या त्या ताटाचे पराग आणून त्यावर टाकायचे. एक जात उंचावरच्या थंडीत टिकणारी, दुसरी भरघोस दाण्याची. दोघींचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांतून हवे ते गुण असलेली ताटे निवडत जायची. काम सोपे वाटते, पण दर हंगामाला एकच पिढी मिळते. म्हणजे एक चांगले वाण हाती यायला वर्षे जातात. घाईच्या माणसाचे हे काम नाही.

मेक्सिकोच्या रानात टिओसिंटे नावाचे एक गवत उगवते. मक्याचा पूर्वज कोण, यावर त्या काळी शास्त्रज्ञांत जोरदार वाद होता. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी याच गवतातून निवड करत करत मका घडवला, हे आज सर्वमान्य आहे. रानटी जातीला पीक कमी येते, पण तिच्यात चिवटपणा असतो. खानखोज्यांनी या गवताचा मक्याशी संकर केला. एका कणसाला हाताच्या बोटांसारखे अनेक फाटे फुटलेल्या मक्याच्या प्रकारावर त्यांनी सविस्तर अभ्यास करून १९३६ मध्ये स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिले. पुढे मेक्सिको सरकारच्या कृषी खात्यात संचालकपदापर्यंत ते पोहोचले.

मक्याच्या निमित्ताने आरोग्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. मेक्सिकोतल्या बायका शेकडो वर्षांपासून मका थेट दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळून तो रात्रभर भिजत ठेवतात, साल काढतात आणि मग वाटून भाकरी करतात. मका युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला, पण ही रीत मागेच राहिली. तिथल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होऊ लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खरबरीत चट्टे, जुलाब, आणि पुढे बुद्धिभ्रंश. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. मक्यात नायसिन असते, पण ते असे अडकलेले असते की आतड्याला ते घेता येत नाही. चुन्याचे पाणी ते मोकळे करते आणि वर कॅल्शियमही देते. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय तिथल्या बायकांनी हा उपाय शोधला होता.

हा रोग आपल्या दख्खनलाही नवा नाही. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांत तो दिसे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणामुळे शरीरातले नायसिनचे गणित बिघडते, असा विचार त्यांनी मांडला. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, थोडे दूध असले की हा धोका टळतो. यातून दिसते ते असे, की पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीक भरपूर येणे ही पहिली पायरी. त्या पिकात काय आहे आणि ते शरीराला मिळते का, ही दुसरी.

परतीची वाट

१९३६ मध्ये खानखोज्यांनी मेक्सिकोतच जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव सावित्री. पुढे याच सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडले ते साध्य झाले होते. खानखोज्यांनी मायदेशी येण्यासाठी परवानगी मागितली आणि ती आधी नाकारली गेली. इंग्रजांनी बंदी घातलेल्या लोकांच्या यादीत त्यांचे नाव होते आणि स्वतंत्र भारताच्या कचेरीत ती यादी अजून तशीच चालू होती. पुढे ही चूक दुरुस्त झाली. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ल्यासाठी आले आणि १९५० च्या दशकात कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले.

त्यांच्या ज्ञानाचा देशाने जेवढा उपयोग करून घ्यायला हवा होता तेवढा केला नाही, असे त्यांचे आयुष्य वाचताना वाटत राहते. चाळीसहून अधिक वर्षे बाहेर काढलेला, साठी ओलांडलेला माणूस. दिल्लीत ओळखी नाहीत आणि कुठल्या पक्षात वजन नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

काळाचा योग पाहा. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागवले होते. बुटक्या ताटाच्या, जास्त खत पेलणाऱ्या त्या गव्हाने हरितक्रांती घडवली. ते बियाणे तयार करणारे नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले आणि त्यांनी चापिंगोच्या रानातही काम केले. खानखोजे ज्या चापिंगोत वीस वर्षे आधी शिकवायला लागले होते, तेच हे ठिकाण. बोरलॉग यांच्या गव्हाचे श्रेय खानखोज्यांना देणे बरोबर होणार नाही, ते काम स्वतंत्र होते. पण मेक्सिकोच्या शेतात भारताच्या भुकेचे उत्तर असू शकते, हे आपल्या सरकारच्या चाळीस वर्षे आधी एका वर्धेकराने ओळखले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मेक्सिकोने त्यांची आठवण ठेवली होतीच, आपल्यालाही ती थोडी उशिरा झाली.

आपल्या जिल्ह्यासाठी याचा अर्थ

बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. बाजरी, कापूस, तूर, सोयाबीन आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या. ऊसतोडीच्या फडावरून परतलेल्या बायका आमच्याकडे येतात तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात. दम लागतो, चक्कर येते, पाय दुखतात, पाळीत अंगावरून जास्त जाते. रक्त तपासले की हिमोग्लोबिन नऊ, आठ, कधी सात. आम्ही लोहाच्या गोळ्या देतो आणि त्या दिल्याच पाहिजेत. दोन-तीन महिन्यांत रक्त वाढते. मग गोळ्या संपतात, पुढचा हंगाम येतो आणि तीच बाई तेच हिमोग्लोबिन घेऊन परत येते. मधल्या काळात तिच्या ताटात काही बदललेले नसते.

इथे खानखोज्यांच्या वाटेने गेलेले एक काम सांगतो. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून निवड पद्धतीने जास्त लोह असलेली बाजरी तयार केली. ‘धनशक्ती’ या नावाने ती २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. तिच्या एक किलो दाण्यात साधारण ७० मिलिग्रॅम लोह असते. शेजारच्या नगर जिल्ह्यात निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक शास्त्रीय अभ्यास झाला. काहींना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकरी दिल्या, काहींना साध्या बाजरीच्या. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होते, त्यांच्यापैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण जास्त दिसले. ना गोळी, ना इंजेक्शन, ना खाण्याच्या सवयीत बदल. फक्त बियाणे बदलले.

आणखी एक गोष्ट. ही बाजरी संकरित नाही, सुधारित वाण आहे. संकरित बियाण्याचे धान्य पुन्हा पेरले तर गुण टिकत नाहीत, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. सुधारित वाणाचे चांगले बी शेतकऱ्याला घरी राखून पेरता येते. मात्र बाजरीचेही पराग वाऱ्याने उडतात, त्यामुळे शेजारच्या रानात दुसरी बाजरी असेल तर भेसळ होते. बी राखायचे तर अंतर ठेवावे लागते, निवड करावी लागते आणि तीन-चार वर्षांनी शुद्ध बियाणे नव्याने आणावे लागते. हे शेतकऱ्याला कुणीतरी त्याच्या बांधावर उभे राहून सांगायला हवे. खानखोज्यांच्या मुक्त शाळा नेमके हेच काम करत होत्या.

डॉक्टर म्हणून एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. भाकरी हा रोजच्या पोषणाचा भाग आहे, तीव्र रक्तक्षयावरचा उपचार नव्हे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले तर तिला तातडीने दवाखान्यात आणायला हवे. कुणाच्याही अंगात रक्त कमी असेल तर कारण शोधल्याशिवाय राहू नये, कारण जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, सिकलसेल अशी अनेक कारणे असू शकतात. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, पेरू यांपैकी काही खाल्ले तर लोह जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. तास-दीड तास थांबावे.

खानखोज्यांच्या आयुष्याचे मला सर्वांत मोठे वाटणारे वैशिष्ट्य त्यांच्या पराभवानंतरचे आहे. शस्त्राने मिळवायचे स्वातंत्र्य त्यांच्या हातून निसटले. पण त्यांनी स्वातंत्र्याचा अर्थ ताटापर्यंत नेलेला होता, म्हणून त्यांना पुढचे काम शोधावे लागले नाही. परक्या देशातल्या भूमिहीनाला त्यांनी तेच दिले जे आपल्या देशातल्या शेतकऱ्याला द्यायचे होते. दुष्काळात मेलेल्या माणसाच्या नोंदीत भूक लिहिली जात नाही, तशीच आजही अशक्त बाईच्या केसपेपरवर तिच्या शेतात काय पेरले जाते हे लिहिले जात नाही. आरोग्य खाते आणि कृषी खाते यांच्या कचेऱ्या वेगळ्या आहेत. रुग्ण आणि शेतकरी मात्र एकच आहे.

येत्या खरिपाच्या आधी आपल्या गावच्या कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, जास्त लोहाच्या बाजरीचे बियाणे मिळेल का. घरच्या खाण्यापुरते अर्धा एकर पेरून पाहा. पीक चांगले आले तर उभ्या पिकातली सर्वांत भरदार कणसे निवडून, वेगळी खुडून, वाळवून बियाण्यासाठी बाजूला ठेवा.